कोंगडोरीचा उतार आणि उद्यमबागेची कानस

धार नखावर बघायची, हे मला बाबांनी शिकवलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं टूल ग्राइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ड्रिल, एंड मिल, कटर, जे काही बोथट झालंय ते लोक पिशवीत घालून आणतात आणि धार लावून नेतात. धार नीट बसली का ते बघायला कडा नखाच्या पाठीवरून हलकेच ओढायची. नखाचा पांढरा कीस निघाला तर धार आहे, नुसतीच सरकली तर परत ग्राइंडरवर. स्कीइंगच्या गोष्टीत हे कशाला, ते पुढं येईलच.

माझं वय 43. जन्म बेळगावातला, शाळा टिळकवाडीतली, सासरही शहापुरात. बर्फ म्हणजे गाडीवरचा गोळा, एवढीच ओळख. पण आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक मामा आहेत. तरुणपणी त्यांनी गुलमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळ्यातला कोर्स केलेला. ही संस्था 1948 मध्ये स्की शाळा म्हणूनच सुरू झाली, हे ते दर गणपतीत एकदा तरी सांगतात. पायाला फळ्या बांधून पाठीवर वजन घेऊन कसं उतरायचो, हे त्यांनी आमच्या पडवीत बसून दोन वेताच्या काठ्या हातात धरून करून दाखवलं होतं. ते ऐकत ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. चाळिशी ओलांडली तेव्हा एकदा म्हटलं, बघूया तरी.

पहिल्या वर्षी सहा दिवस, दुसऱ्या वर्षी दहा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवरची मोठी परात आहे असं समजा. तळाशी सौम्य उतार, तिथं ओढून वर नेणाऱ्या दोरीच्या लिफ्ट, आणि भोवती देवदारांचा काठ. शिकाऊ माणसं सगळी परातीच्या तळात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी तिथले सगळे सोपे उतार न पडता उतरत होते. पद्धत एकच, स्नो प्लाऊ. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब फाकवायची, की बर्फ खरवडत वेग कमी होतो. वळायचं असेल तर एका पायावर थोडा जोर. स्कूटर शिकलेली बाई फक्त व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवरच चालवते आणि तरी घरी सांगते की मला गाडी येते, तसं माझं चाललं होतं.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी हौसेनं कोंगडोरीला गेले. गंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा तिथं उतरवतो, तीन हजार मीटरच्या थोडं वर. तिथून खाली गुलमर्गपर्यंत येणारा उतार तिथल्या हिशेबानं मध्यम. पट्टीच्या लोकांना पाच-सात मिनिटं लागत असतील. मला पावणेदोन तास लागले. प्लाऊ धरला, वेग कमीच होईना. आणखी फाकवला, तर गुडघे आत वळून मांड्यांत आग. मग एका बाजूनं आडवं जायचं, कडेला पोचलं की खाली बसायचं, बसल्या बसल्या स्की उचलून तोंड फिरवायचं, परत आडवं. शेवटचा कडक, म्हणजे सगळ्यात उभा तुकडा बुडावरून उतरले. खाली आले तर गंडोल्यापाशी रोज उभा असणारा, लोकांना बर्फावरच्या घसरगाडीत बसवून ओढणारा स्लेजवाला दोरी हातात घेऊन हसत विचारतोय, "मॅडम, स्लेज?"

वर्षभर ते डोक्यात राहिलं. वर्कशॉपमध्ये माणूस कोन मोजल्याशिवाय बोलत नाही, म्हणून मी दोन्ही उतारांचा हिशेब मांडला. युरोपात स्की उतारांना रंग असतात. निळा म्हणजे साधारण शंभर मीटरला पंचवीस मीटर उतरणारा, म्हणजे 14 अंशांपर्यंतचा. तांबडा शंभराला चाळीसपर्यंत, म्हणजे 22 अंशांच्या आसपास. त्यावर काळा. अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा अशा खुणा, पण तिथं प्रत्येक डोंगर आपल्यातल्या आपल्यात तुलना करतो, त्यामुळं एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणी अवघड निघू शकतो. आपला घाटातला चांगला रस्ता शंभर मीटरला पाच-सात मीटर उतरतो आणि तेवढ्यात चोर्ला घाटात गाडीचे ब्रेक वास मारायला लागतात, हे लक्षात घ्या. मी ज्या उतारावर तरबेज झाले होते तो आठ अंशांचा. कोंगडोरीखालचा कडक भाग वीसच्या घरात. आकडे अडीचपट, आणि खाली ओढणारा जोरही जवळपास अडीचपट. प्लाऊ म्हणजे निव्वळ ब्रेक. आठ अंशांवर तो पुरतो. वीस अंशांवर सगळा भार मांड्यांवर येतो आणि मांड्या म्हणजे काय ब्रेक-लायनर नव्हेत.

चोर्ला घाट उतरताना बाबा गाडी तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायचे, ब्रेकला पाय फक्त वळणावर. स्कीवरचा गिअर म्हणजे वळणाचा आकार. वळण अर्धवट सोडलं की वेग वाढतो. पूर्ण केलं, म्हणजे स्कीची टोकं पार आडवी होऊन किंचित चढाकडं बघेपर्यंत धरून ठेवलं, की वेग आपोआप उतरतो. हे मला पुस्तकी कळलं होतं. पायांना कळायला यंदाचा हिवाळा लागला.

दिवाळीनंतर घरी थोडी तयारी केली. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, दोन मिनिटं डावा, दोन मिनिटं उजवा. रविवारी उद्यमबागेतले रस्ते ओस असतात, तिथं भाच्याचे इनलाइन स्केट घालून डावी-उजवी वळणं. बेळगावची पोरं स्केटिंगमध्ये जोरात आहेत, आठ-नऊ वर्षांची पोरं मला मागं टाकून "आंटी, पाय मोडा की गुडघ्यात!" ओरडत जायची. आणि शनिवारी यळ्ळूरच्या राजहंसगडावर. चढण्यासाठी नव्हे, उतरण्यासाठी. सावकाश, गुडघे वाकवून, सगळं वजन खालच्या पायावर ठेवून.

खरा धडा मात्र खानापूर तालुक्यात मिळाला. जांबोटीजवळ माझ्या मैत्रिणीचं शेत आहे. अवकाळी पाऊस होऊन गेलेला, लाल माती लोण्यासारखी. बांधावरून खाली उतरताना मी सरळ पाऊल टाकलं आणि धप्पकन बसले. मैत्रिणीची सासू, सत्तरीची, डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या बाजूनं तुरुतुरु उतरून गेली. पाऊल आडवं, पावलाची वरच्या अंगाची कड मातीत रुतवून, छाती मात्र उताराकडं. खाली जाऊन म्हणाली, "असं सरळ कोण उतरतंय गं? आडवं टाक की पाय." म्हणजे कडेवर उभं राहायचं आणि अंग उताराकडं ठेवायचं. पुढं गुलमर्गला आठवडाभर जे ऐकलं ते या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं, मला कळलं नाही एवढंच.

यंदा फेब्रुवारीत मी आणि निपाणीचा भाचा असे दोघं निघालो. गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं श्रीनगर, मग टंगमर्ग, आणि शेवटचा 13 किलोमीटरचा चढ टायरला साखळ्या लावलेल्या गाडीतून. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि उस्तादांसाठी कुंद्याचा डबा. उस्ताद म्हणजे आमचे शिकवणारे, पन्नाशीचे, टंगमर्गचेच. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. मागच्या दोन्ही वर्षी तेच होते. कुंदा खाऊन म्हणाले, ये तो हमारे हलवे का भाई है.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की थेट वर नेतील. त्यांनी मला सोप्या उताराच्या कडेला एका आखूड, पण चांगल्याच उभ्या दरडीवर नेलं. जेमतेम पंधरा मीटर लांब. मी फोन काठीवर आडवा ठेवून कोन मोजला, 24 अंश. उस्ताद हसायला लागले. मग म्हणाले, इथं आज वळायचं नाही. नुसतं घसरायचं.

साइड स्लिप. स्की उताराला पूर्ण आडव्या, दोन्ही समांतर. वरच्या कडा बर्फात रुतलेल्या असतात म्हणून आपण उभे असतो. आता घोटे आणि गुडघे केसभर उताराकडं सोडायचे. कडांची पकड सुटते आणि दोन्ही स्की आडव्याच्या आडव्या, खरर्र करत खाली सरकतात. घोटे परत डोंगराकडं घेतले की जागच्या जागी थांबतात. एवढंच. पहिल्यांदा केलं तेव्हा हाताच्या मुठी आवळलेल्या, श्वास अडकलेला. दहाव्यांदा जमलं. तिसाव्यांदा मजा वाटायला लागली. मग सरकता सरकता थोडं पुढं, थोडं मागं, झाडाचं पान गळताना हेलकावत येतं तसं. अर्धा दिवस हेच. भाचा तोवर लिफ्टनं दहा वेळा वर-खाली करून आला. "काय आत्ती, हितंच राहणार काय?" "व्हय की. घसरूलोय नुसतं." आमच्याकडं बायकाही करतो-जातो असंच बोलतात, त्याची पुण्याच्या लोकांना फार गंमत वाटते.

पण त्या अर्ध्या दिवसानं माझी भीती जितकी घालवली तितकी पुढच्या कुठल्याही गोष्टीनं घालवली नाही. कारण साधं आहे. वळण जमलं नाही, उतार फार उभा निघाला, मध्ये खडक आला, तरी आता मला खाली येण्याचा एक रस्ता होता. आडवं व्हायचं आणि सरकत यायचं. मागच्या वर्षी बुडावरून उतरले होते तो तुकडा मी असा दोन मिनिटांत उतरले असते. सोप्या उतारावरून मध्यम उतारावर जाऊ बघणाऱ्याला कुणी मला विचारलंच तर मी हेच सांगेन, आधी घसरायला शिका. बहुतेक लोक हे सोडून देतात, कारण व्हिडिओत ते काहीच दिसत नाही.

दुसरा दिवस वळणांचा. प्लाऊतून समांतर स्कीकडं जायच्या मधल्या पायरीला स्टेम म्हणतात. वळण सुरू करताना वरची स्की जराशी फाकवायची, तिच्यावर वजन द्यायचं, वळण पुरं होताना आतली स्की तिच्याशेजारी ओढून घ्यायची. प्लाऊ, स्टेम, समांतर ही पायऱ्यांची शिकवण ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग भागात हानेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली आणि थोड्याफार फरकानं जगभर अजून तीच चालते. उजवीकडं वळायचं तर वजन डाव्या पायावर, डावीकडं वळायचं तर उजव्या. बाहेरच्या पायावर. ऐकायला सोपं आहे, पण उतारावर शरीराला डोंगराकडं, म्हणजे आतल्या पायाकडं झुकायचं असतं. उस्तादांनी त्यावर काढलेला उपाय असा, की वळणाच्या दुसऱ्या अर्ध्यात आतली स्की उचलून दाखवायची. शेपूट बर्फावरून इंचभर वर आली पाहिजे. वजन खोटं असेल तर ती उचलताच येत नाही. पहिल्या तासाला एकदाही उचलली नाही.

दुसरी गोष्ट नडगीची. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकचं चिलखत, पुढच्या बाजूला जाड जीभ असते. त्या जिभेवर नडगी सतत टेकलेली पाहिजे. घाबरलं की माणूस मागं रेलतो, नडगी सुटते, पोटरी बुटाच्या पाठीला लागते, स्कीच्या टोकांवरचा भार जातो आणि मग त्या वळत नाहीत, सुसाट सुटतात. म्हणजे ज्या वेगाला घाबरून मागं गेलो तोच वेग मागं गेल्यानं वाढतो. मी नडगीला खूण म्हणून मोज्यात एक छोटं बटण ठेवलं. ते टोचतंय तोवर ठीक. (करू नका. संध्याकाळी नडगीवर निळा रुपया उठला होता.)

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंगडोरी. आदल्या दुपारी ऊन पडून वरचा बर्फ ओला झाला होता आणि रात्री गोठला होता. पृष्ठभाग शहाबादी फरशीसारखा. पहिली चार वळणं बरी झाली. पाचव्याला आडवी जात असताना खालच्या स्कीची पकड अचानक सुटली. काही केलं नव्हतं मी, वजन बरोबर होतं, नडगी बरोबर होती. कंबरेवर आपटले आणि वीसेक मीटर खाली गेले. एक स्की बंधनातून (बूट स्कीला जखडणाऱ्या खटक्यातून) निसटून वरच राहिली. तिच्या ब्रेकचे दोन काटे बर्फात रुतून ती शहाण्यासारखी थांबलेली. भाच्यानं ती आणून दिली. उतारावर स्की परत घालायची म्हणजे आधी खालच्या पायाची, उताराला आडवी ठेवून, बुटाच्या तळाचा बर्फ काठीनं खरवडून. तळाला बोटभर बर्फ राहिला तरी टाच बसत नाही. माझी तीन वेळा बसली नाही. आजूबाजूनं सहा-सात वर्षांची काश्मिरी पोरं काठ्या न घेता भिरभिरत जात होती.

परत उभी राहिले, दहा मीटर गेले, परत तीच स्की सुटली. आता राग आला. हातमोजा काढला, स्की उलटी केली आणि कडेवर नख ओढलं.

नुसतंच सरकलं.

पूर्ण कड बघितली. पायाखालच्या भागात, जिथं सगळं वजन येतं तिथं, कोपरा गोल झालेला. दोन ठिकाणी दगडाला लागून खवले, आणि पुढं नारिंगी गंज. भाड्याच्या स्की. ताज्या, मऊ बर्फावर ही कड खपून गेली असती, दोन दिवस खपलीच होती. गोठलेल्या बर्फावर तिला धरायला काही नव्हतं. मी दोन वर्षं जी भीती माझी समजत होते त्यातली थोडी या कडेची असणार, असा विचार तिथंच बसून मनात आला आणि मागचं किती पडणं कुणाच्या खाती टाकायचं याचा हिशेब जुळेना. साइड स्लिप करत आणि मधूनमधून चालत खाली आले.

भाड्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, सब ठीक है मॅडम, नया माल है. मी त्याच्या समोर त्याच कडेवर नख ओढून दाखवलं. मग खिशातल्या किल्लीच्या कडेवर. किल्लीनं कीस काढला. तो गप्प बसला, आत गेला आणि एक कानस आणून माझ्या हातात ठेवली. घ्या, तुम्हीच करा.

तर मी केलं. दुकानाच्या मागं लाकडी घोडा होता, त्यावर स्की आडवी धरून ठेवायला भाचा. एक चौकोनी ॲल्युमिनियमचा तुकडा मागून घेतला, तो तळाला टेकवून कानस काटकोनात राहील असं धरलं. स्कीच्या दुकानातून काटकोनाहून एखाद-दोन अंश जास्त तीक्ष्ण करतात, पण त्याची साधनं तिथं नव्हती, सरळ नव्वद बरं. टोकाकडून शेपटीकडं, एकाच दिशेनं, हात लांब, दाब हलका. मागं-पुढं घासायची नाही, कानस बसते. पहिल्या काही फेऱ्यांत गंजाची भुकटी, मग खवल्यांवर कानस कडकड वाजली, मग एकदम आवाज बदलला, गुळगुळीत सळसळ. तो आवाज मी रोज ऐकते. तळाच्या अंगाला बर, म्हणजे घासून उठलेली बारीक खरखरीत कड, आला होता, तो बारीक दगडानं काढला. तोवर दुकानदार जवळ येऊन उभा राहिला होता. म्हणाला, पुढचं टोक थोडं बोथटच राहू द्या, नाही तर वळताना अडकेल. हे मला माहीत नव्हतं, मानलं. शेवटी त्यानंच आपलं नख ओढलं. पांढरा कीस. लाकडी स्कीला पोलादी कड बसवायची कल्पना 1920 च्या दशकात साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांची. त्याआधी लोक गोठलेल्या बर्फावर काय करत असतील, देव जाणे.

जाता जाता बंधनांचा आकडाही बघितला. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटावा हे त्या आकड्यावर ठरतं आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून लावायचा असतो. मला पहिल्या दिवशी यातलं काही विचारलं नव्हतं. वजन सांगायला लाजू नका, गुडघा त्याहून महाग आहे.

चौथ्या दिवशी दहा वाजेपर्यंत थांबलो, ऊन पोचून वरची कातडी जरा मऊ होऊ दिली. पहिल्या वळणातच फरक कळला. स्की आडवी झाली आणि धरून राहिली. म्हणजे आता कारणं संपली होती, पुढचं सगळं माझ्या पायांवर.

उस्तादांनी त्या दिवशी एकच नियम घातला. दोन वळणांच्या मध्ये तीन आकड्यांपेक्षा जास्त आडवं जायचं नाही. मी घाबरले की उताराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जात राहते, कडेला जागा संपते आणि मग सगळ्यात वाईट ठिकाणी वळावं लागतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. म्हणून मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन, वळ. आणि बघायचं पुढच्या वळणाच्या जागेकडं, स्कीच्या टोकांकडं नाही. वादी को देखो, मॅडम, पैर कहीं नहीं जाएँगे. वादी म्हणजे दरी.

कडक तुकडा उंचवट्यामागं लपलेला आहे. वरून नुसती कडा दिसते आणि तिच्यापलीकडं एकदम खालची देवदारं. मागच्या वर्षी त्या कडेवर बसून रडले होते. यंदा तिथं थांबले ते बाजूला, कारण उंचवट्याच्या लगेच खाली थांबलं तर वरून येणाऱ्याला आपण दिसत नाही. स्कीइंगमध्ये पुढं असणाऱ्याचा हक्क पहिला आणि मागून येणाऱ्यानं वाट काढायची, हे खरं, पण न दिसणाऱ्याला कोण वाट देणार? खाली बघितलं. आधी आडवी होऊन दोन मीटर सरकले, मुद्दाम, हत्यार जवळ आहे याची खात्री करायला. मग पहिलं वळण.

त्या वळणात एक क्षण असतो, सेकंदभराचा, तेव्हा दोन्ही स्की सरळ खाली बघतात आणि कुठलीच कड धरत नाही. प्लाऊत हा क्षण नसतो, तिथं ब्रेक कधी सुटतच नाही. इथं मात्र तो सोडावा लागतो. माझं अंग दरवेळी तिथंच मागं जायचं. मी हात पुढं ढकलले, परातीत कणीक मळताना दोन्ही हात पुढं असतात तसे, नडगी जिभेवर दाबली आणि बाहेरच्या पायावर उभी राहिले. स्की फिरली. मी फिरवली नाही, तीच फिरली. हल्लीच्या स्की मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतात, कडेवर कलंडल्या की त्या वर्तुळाचा तुकडा कापत जातात. माझ्या स्कीवर त्या वर्तुळाची त्रिज्या छापलेली होती, 13 मीटर. ती मी तीन दिवस वाचत होते, त्या वळणात ती कळली.

एक, दोन, तीन, वळ. नवव्या की दहाव्या वळणाला लक्षात आलं की वरची स्की फाकवायची राहिली आहे आणि तरी वळलेय. म्हणजे समांतर झालं होतं. लक्षात आल्याबरोबर पुढच्या वळणाला पडले, ते सोडा.

त्या दिवशी तीन वेळा कोंगडोरीवरून उतरले. दुपारनंतर बर्फ मऊ होऊन सगळ्यांच्या वळणांनी ढिगारे झाले होते, तिथं माझी लय तुटायची, मग साइड स्लिप, श्वास, परत मोजणी. तीन हजार मीटरवर साडेसातशे मीटरवरच्या बेळगावकराला धाप लागते, ते लपवण्यात अर्थ नाही. भाच्याचं वेगळंच चाललं होतं. तो गंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्यानं अफरवटला जायचं म्हणत होता. तिथं चार हजारांच्या जवळ, न दाबलेला खोल बर्फ, हिमकडे कोसळण्याचा धोका, आणि रील काढणाऱ्यांची रांग. माझं मत विचाराल तर समांतर वळण खराब बर्फावर जमत नाही तोवर तिकडं जाणं म्हणजे मूर्खपणा आहे, आणि जमलं तरी वाटाड्या हवाच. उस्तादांनी त्याला तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. त्याच संध्याकाळी सोप्या उतारावर सरळ सुटून त्यानं गुडघा पिरगळला, त्यामुळं वादच मिटला.

पाचव्या दिवशी ढग उतरले. आकाश पांढरं, जमीन पांढरी, मधे सावलीच नाही. उतार कुठं उभा होतोय ते डोळ्यांना कळेना, पायांना कळेपर्यंत उशीर व्हायचा. एकदा तर मी थांबलेय असं समजत होते आणि सरकत होते. दोन वळणं करून मी गंडोल्यानं खाली आले. तिकीट दोन्हीकडचं असतं ते कशासाठी? भाचा खोलीत पाय वर करून शेंगाचटणी-भाकरी खात बसला होता.

सहावा दिवस शेवटचा. रात्री चार बोटं ताजा बर्फ पडलेला, वर सकाळीच यंत्रानं दाबलेला. निघाले ती थांबलेच नाही. कडक तुकड्यावर मोजायचंही विसरले. अकरा मिनिटं लागली, भाच्यानं खाली उभं राहून घड्याळ लावलं होतं. एकदाही पडले नाही. शेवटच्या वळणात आतली स्की इंचभर उचलून दाखवली, उस्ताद बघत होते म्हणून. मग गंडोल्यासमोरच्या सपाटीवर आले, दिमाखात थांबले, काठ्या बगलेत मारल्या, हातमोजा काढून भाच्याला हात करायला वळले आणि दोन्ही स्की एकमेकींवर चढून, जागच्या जागी, उभ्या उभ्या आडवी झाले.

कुणाची तरी सावली पडली. वर बघितलं तर दोरी हातात घेऊन तोच.

"मॅडम, स्लेज?"